दिलीपचं दुसरं स्वादुपिंड

नोकरीतल्या आठवणी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी हसलेच. चकली-शंकरपाळ्यांच्या ताटाशेजारी ठेवून वाचायचा अंक, आणि त्यात मी लिहिणार काय, तर लोकांच्या लघवीच्या बाटल्या! पण संपादकबाई म्हणाल्या, ‘ताई, तेच लिहा.’ तेव्हा नाक मुरडू नका, आधीच सांगून ठेवते.

मी मूळची नंदुरबारकडची. लग्न होऊन सुरतेला आले. आमचे हे पांडेसऱ्याच्या एका रंगाई मिलमध्ये, आणि मी उधन्याच्या रस्त्यावरच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. लॅब देसाईसाहेबांची. अस्सल सुरती माणूस, वाक्यागणिक शिवी, पण ती कुणाला लागली असं मी कधी पाहिलं नाही. मला सगळे पाटीलबेन म्हणायचे. पाटील म्हणजे सूनबाई कुठल्या, हे कोणी विचारायचं नाही. सुरतेत निम्मे खान्देशी पाटीलच.

सकाळी शटर वर गेलं की बाहेर रांग. प्रत्येकाच्या हातात पिशवी आणि पिशवीत बाटली. आम्ही स्वच्छ डब्या द्यायचो, पण लोकांना आपली घरचीच बाटली बरी वाटायची. बामची, लोणच्याची, खोबरेल तेलाची. आणि गुजरात हे दारूबंदीचं राज्य असलं तरी कुठल्या कुठल्या सोसायटीत विलायती बाटल्या रिकाम्या होतात, ते पोलिसांपेक्षा मला जास्त ठाऊक होतं. एक साडीवाले शेठ तर बाटली अशी काही मिरवत आणायचे, की आत काय आहे ते माहीत नसतं तर मीच ग्लास पुढे केला असता!

साखरेची तपासणी तेव्हा अगदी स्वयंपाकासारखी असायची. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, विटकरी झालं तर कल्याण! लोक काउंटरवरून मान लांब करकरून रंग बघायचे. शेठजी तपासणीच्या आधी दोन दिवस उपाशी राहायचे आणि तरी विटकरी निघालं की माझ्यावरच चिडायचे. ‘बेन, जरा सारुं लखी आपजो ने,’ म्हणजे जरा चांगलं लिहून द्या ना. मी म्हणायची, शेठ, तुपाची घारी-मिठाई तुम्ही खायची आणि खोटं मी लिहायचं होय? तर सांगायचं इतकंच, की माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस आपल्या लघवीत काहीही निघू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेला असायचा. याला अपवाद मला एकच भेटला. त्याच्याबद्दल लिहिते.

प्लेगची धावपळ होऊन गेली होती, शहर पुसून-झाडून लख्ख झालं होतं, त्यानंतरची गोष्ट. श्रावण लागलेला. तिशीचा एक सडसडीत मुलगा हातात मोठा प्लास्टिकचा कॅन घेऊन आला. सोबत त्याची आई, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. मुलाने फाइल पुढे केली. इंग्रजी, जाडजूड, अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलची. म्हणाला, ‘ताई, पूर्ण दिवसाची लघवी आहे. यात अमायलेज किती निघतं ते पाहिजे. कमी नको, भरपूर पाहिजे.’

‘भरपूर पाहिजे?’ मी चष्म्यावरून बघितलं.

त्याची आई पुढे झाली. ‘मन्हा पोऱ्या शे,’ म्हणाली, म्हणजे माझा मुलगा आहे. ‘बरा शे आता. पण तपासायले सांगेल शे.’

अहिराणी ऐकली आणि मला माहेरच्या ओट्यावर बसल्यासारखं झालं. या दगुबाई. मी त्यांना मावशी म्हणू लागले. त्यांचं घर बमरोलीला, नवरा लूमच्या कारखान्यात मुकादम. मावशी सगळं अहिराणीतच बोलायच्या. इथे तुमच्यासाठी मी त्यांचं बोलणं थोडं सोपं करून लिहिते, तेवढं चालवून घ्या.

दिलीप हा त्यांचा एकुलता एक. शाळेत असतानाच त्याला मधुमेह झाला. म्हातारपणी होतो तो नव्हे, लहानपणीचा, इंजेक्शनशिवाय भागत नाही तो. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, सकाळी टोचायचं, संध्याकाळी टोचायचं. तशातच तो शिकला, इंजिनियर झाला, कंपनीने अमेरिकेला पाठवलं. तिथे मूत्रपिंडं थकली. मशीनवर रक्त शुद्ध करायची पाळी आली. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, नुसती किडनी बदलून काय उपयोग? साखर ती नवी किडनीही खाऊन टाकेल. दोन्ही बदलू, किडनी आणि स्वादुपिंड. खर्च कंपनीच्या विम्यातून निघाला. अपघातात गेलेल्या एका तरुणाचे अवयव मिळाले.

स्वादुपिंड बदलतात, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. देसाईसाहेबांनी दोन जाड पुस्तकं काढली, आणि त्या संध्याकाळी आमच्या लॅबमध्ये शाळा भरली. ते मला जसं समजलं तसं सांगते. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं असतं आणि ते दोन कामं करतं. एक, इन्शुलिन बनवून रक्तात सोडायचं. दुसरं, अन्न पचवायचा रस आतड्यात सोडायचा. अमायलेज त्या रसातलंच. सुती साडीला आपण कांजी घालतो ना, ती कांजी फोडणारा पदार्थ समजा. नवं स्वादुपिंड बसवताना जुनं काढत नाहीत, राहू देतात तिथेच. नवं खाली ओटीपोटात बसवतात. इन्शुलिन आपोआप रक्तात जातं. पण पाचक रसाचं काय करायचं? तर त्या काळात तो रस सरळ मूत्राशयात सोडायची पद्धत होती.

‘एनो फायदो जुओ,’ साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, त्याचा फायदा बघा. अंगाने परका अवयव नाकारायला सुरुवात केली की साखर लगेच वाढत नाही. ती वाढते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. पण रस मात्र आधीच कमी होतो, आणि तो लघवीत मोजता येतो. म्हणजे दिलीपच्या कॅनमध्ये अमायलेज भरपूर असलं तर त्याचं स्वादुपिंड ठणठणीत. निम्म्यावर आलं तर धोका.

याची किंमतही होती. रसाबरोबर अंगातलं पाणी आणि क्षार वाहून जायचे, म्हणून त्याला सारखं पाणी प्यावं लागायचं, सोड्याच्या गोळ्या घ्याव्या लागायच्या. आणि अंगाने त्या पाहुण्याला हाकलून देऊ नये म्हणून रोज मूठभर गोळ्या. त्या गोळ्यांनी अंगाची ताकदच कमी होते, साधा सर्दी-ताप महागात पडतो. आमच्या शेठजींना कुठून तरी कळलं, तर ते लगेच, ‘बेन, आ तो बहु सारुं! मलाही बदलून मिळेल का?’ मी म्हटलं, शेठ, सुई सुटेल पण गोळ्या जन्माच्या लागतील. ज्याची किडनी कशीही बदलायचीच आहे, त्याच्यासाठी आहे हे. तुम्ही आधी भजी सोडा. तर फार नाराज झाले.

दिलीप रजेवर घरी आला होता; तिकडच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तो आठवड्यातून दोनदा यायचा. पहिल्या दोन-तीन रिपोर्टांत अमायलेज अमेरिकेतल्याइतकंच निघालं. देसाईसाहेब स्वतः तिकडे फॅक्स पाठवायचे. एकदा रिपोर्ट हातात पडल्यावर तो समोरच्या दुकानातून गरम जिलेबी घेऊन आला आणि काउंटरवर उभा राहून खाल्ली. पाक मनगटावर आला. म्हणाला, ‘ताई, लहानपणी गल्लीत कुणाचं बारसं असलं की माय मला घरात घेऊन बसायची. पेढा दिसू नये म्हणून.’ मावशी बाकावर बसून त्याच्याकडे बघत होत्या. खाताना आपल्या पोराकडे इतकं बघू नये म्हणतात, दृष्ट लागते. पण त्यांना कोण सांगणार?

मग कानबाईचा सण आला. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, दागिने, शालू. घर रंगवून, भांडी घासून, सगळं सोवळ्यासारखं स्वच्छ. दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर विसर्जन. सुरतेत तापीवर त्या दिवशी नुसता खान्देश लोटतो. आणि तिचे रोट असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठीने गहू मोजायचे, ते दळायचे आणि त्याचा स्वयंपाक फक्त भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला घास नाही.

मावशी गहू मोजायला बसल्या. नवऱ्याच्या नावाचे घेतले, दिराच्या, पुतण्यांच्या, दिलीपच्या नावाचे घेतले. मग हात थांबला. आणि त्यांनी आणखी एक मूठ घेतली. मोठे दीर म्हणाले, ‘ही कोणाची?’ मावशी म्हणाल्या, ‘त्या अमेरिकेतल्या पोऱ्याची. तो आपल्या दिलीपच्या पोटात शे, मग आपल्या घरात नाही का?’ दीर खूप रागावले. परक्या जातीचा, परक्या धर्माचा, त्याचे कुठे रोट घालतात? मावशींनी मूठ काही परत ठेवली नाही. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं, तेही असं, की यात सांगण्यासारखं काय आहे.

त्याच सोमवारी दिलीपचा कॅन आला. मी तपासणी लावली. पिष्टमय पाण्यात आयोडीन टाकलं की गडद निळा रंग येतो. अमायलेज असेल तर ते पिष्ट खाऊन टाकतं आणि निळा रंग उडतो. आजवर दिलीपच्या नमुन्याने तो रंग झपाट्याने उडायचा. त्या दिवशी नळीत निळं तसंच राहिलं, थोडंच फिकं झालं. मी पुन्हा लावली. तेच. निम्म्यावर आलं होतं.

देसाईसाहेबांनी त्या दिवशी शिवी दिली नाही, यावरूनच समजा. अंग नवा अवयव नाकारायला लागलं असेल तर जोरकस औषधं लगेच द्यावी लागणार, आणि ती सुरतेत कोणी दिलेली नव्हती. मुंबईला न्यायचं, ती औषधं द्यायची, त्यात पावसाळा, जंतूंचा सुकाळ. आणि नाही दिली तर ते स्वादुपिंड जाणार. साहेबांनी त्याचे जुने रिपोर्ट काढून शेजारी ठेवले. मग म्हणाले, ‘पाटीलबेन, याच लघवीत क्रिएटिनिन मोजा.’

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंमधून निघणारा कचरा. एका माणसाचा रोजचा कचरा साधारण सारखाच असतो. दिवसभराची लघवी पूर्ण जमवली असेल तर तो पूर्ण निघायला हवा. मी मोजला, तर तोही निम्मा! साहेब खुर्चीत मागे रेलले. ‘स्वादुपिंडाला काही झालेलं नाही. कॅनला झालंय. जा, विचारून या.’

मी तशीच रिक्षाने बमरोलीला गेले. मांडव उतरवत होते. मावशी मला बघून उभ्याच राहिल्या. दिलीपला मी विचारलं, तर तो म्हणाला, ‘ताई, रविवारी पाहुणे इतके, की सगळ्यांसमोरून लघवीचं भांडं घेऊन जायची लाज वाटली. दोन-तीनदा बाहेरच जाऊन आलो. बाकी कॅन मायने सांभाळला.’ मावशींनी पदर तोंडाला लावला. देवी घरात असताना तो कॅन घरात कसा ठेवायचा, म्हणून त्यांनी शेजारच्या ओडिया बाईच्या ओट्यावर नेऊन ठेवला होता. सकाळी बघतात तर कॅन नेहमीपेक्षा अर्धा रिकामा. आता लॅबवाल्या ताई ओरडतील, डॉक्टर पोराला बोलतील. म्हणून त्यांनी नळाचं पाणी ओतून नेहमीच्या खुणेपर्यंत भरला.

‘मावशी!’ मी कपाळावर हात मारला. आणि मग मला हसू आलं, दिलीपला आलं, मुकादमकाकांना आलं. शेवटी मावशीही हसल्या, डोळे पुसत पुसत. इतकं हलकं मला फार दिवसांनी वाटलं होतं. मी सांगितलं, आता पुन्हा पूर्ण दिवसाची जमव. दिलीप म्हणाला, यावेळी कॅन माझ्या खाटेखाली राहील, मायला हात लावू देणार नाही. आणि तसंच त्याने केलं. दिवसभर घराबाहेर पडला नाही.

तो कॅन आणून दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी रिपोर्ट होता. मी आधी क्रिएटिनिन लावलं. पूर्ण निघालं. बरं वाटलं. मग अमायलेज लावलं.

निळं तसंच राहिलं.

पुन्हा लावलं. नवं आयोडीन काढून लावलं. साहेबांनी स्वतः लावलं. यावेळी पाणी नव्हतं, बाहेर काही गेलं नव्हतं. दोन-तीन दिवसांपूर्वी ज्या भीतीला आम्ही हसलो होतो, ती आता खरीच होऊन समोर बसली होती. दिलीपला अजून काही त्रास नव्हता, रक्तातली साखरही ठीक होती, किडनी ठीक होती. आणि हेच मला फार वाईट वाटत होतं, की त्याला काहीच जाणवत नसताना मला माहीत होतं.

साहेबांनी घरी फोन करून त्याला बोलावलं. पण त्याच्या आधी मावशी एकट्याच आल्या. कशा आल्या, कोणाच्या बोलण्यावरून आल्या, मला माहीत नाही. काउंटरशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘ताई, या टायमालेही मीच पानी टाकं.’

मी काउंटरवर पुढे वाकले.

‘तो आंघोळीला गेला तवा. तांब्याभर. तुम्ही तसं लिहून द्या डॉक्टरले. मन्हीच चूक शे.’

माझ्या हातात तो कागद होता. क्रिएटिनिन पूर्ण. पाण्याने अमायलेज पातळ झालं असतं तर तेही तितकंच पातळ निघालं असतं; त्या कॅनमध्ये कोणी पाणी टाकलेलं नव्हतं. आणि मावशी माझ्याकडे अशा बघत होत्या, की मी ‘हो’ म्हटलं तर त्यांचा पोरगा बरा होणार आहे. मी इतकी वर्षं लोकांना तोंडावर रिपोर्ट सांगत आले. शेठजींना सांगितलं, गरोदर पोरींना सांगितलं, कावीळ झालेल्यांना सांगितलं. त्या दिवशी मी कागदाची घडी घालू लागले.

तेवढ्यात दिलीप आला. दारातच त्याने ऐकलं होतं. माझ्या हातातला कागद घेतला, दोन्ही आकडे वाचले. त्याला सगळं समजत होतं, माझ्याइतकंच. त्याने माझ्याकडे बघून किंचित मान हलवली, नका बोलू म्हणून. मग आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘मग काय घाबरायचं, माय? तू पाणी टाकलं म्हणून कमी आलं. तरी एकदा मुंबईला दाखवून येऊ. खात्री होईल.’

मावशींचा चेहरा असा उजळला! मला आतून रडू फुटलं, मी आत सेंट्रिफ्यूजच्या यंत्राकडे निघून गेले.

मुंबईला त्याला दाखल केलं. अमेरिकेहून फॅक्सवर फॅक्स आले, जोरकस औषधं दिली. थोडं सावरलं, मग पुन्हा घसरलं. तो तिकडे परत गेला. काही महिन्यांनी ते स्वादुपिंड पूर्ण थांबलं. किडनी मात्र टिकली. दिलीपची सुई पुन्हा सुरू झाली, पण मशीन नाही. तो जिवंत होता, नोकरीवर जात होता. मला त्याचं एक पत्र आलं होतं. लिहिलं होतं, ताई, जितके दिवस सुई नव्हती तितके दिवस मी पूर्ण माणूस होतो, पुन्हा विचारलं तरी मी हो म्हणेन. मला ते पत्र वाचून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

पुढच्या श्रावणात कानबाईचं विसर्जन झाल्यावर मी बमरोलीला गेले. मावशी खूप वाळल्या होत्या. बोलता बोलता ती ओडिया शेजारीण म्हणाली, ‘ये माँ बोलती है, मेरे पानी से बेटे का खराब हुआ.’ मी चमकले. वर्षभर मावशी हेच सांगत होत्या. कानबाईच्या दिवशी आपण कॅनमध्ये पाणी ओतलं, म्हणून पोराच्या पोटातलं बिघडलं. सगळ्या गल्लीला माहीत.

मला राहवलं नाही. मी त्यांना समोर बसवलं आणि आमच्या लॅबमधल्यासारखं एकेक करून समजावलं. मावशी, कॅनमधलं पाणी पोटात परत जात नाही. ते बाहेरच राहतं. तुम्ही पाणी टाकलं तरी पोराला काहीच झालं नाही. आणि दुसऱ्या वेळी तुम्ही टाकलंच नव्हतं, मला ठाऊक आहे. आकड्यात दिसतं ते. तुमची काहीही चूक नाही, एवढीशीसुद्धा नाही.

त्यांनी सगळं ऐकलं. मग लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळू लागल्या.

‘मग कोणामुळे झालं?’

‘कोणामुळेच नाही, मावशी. होतं असं कधी कधी. अंगच परक्याला घेत नाही.’

त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून नव्हती. आणि अगदी हळू, माझ्यावर राग न धरता म्हणाल्या, ‘ताई, मन्हामुळे झालं असतं ते बरं होतं. मी कानबाईची माफी मागत होते. आता कोणाची मागू?’

मी त्यांचा हात हातात घेऊन बसले. नळाला पाणी आलं आणि बाहेर बायकांची हंड्यांची गडबड सुरू झाली, तरी त्या उठल्या नाहीत.